खडा आधी उलटा करून पाहा

प्रश्न : मला पेंडंटसाठी नारिंगी अकीकाचा एक कॅबोशॉन (पैलू न पाडता घुमटासारखा घोटलेला खडा) घ्यायचा आहे आणि जमल्यास त्यापासूनच लहानसा संग्रह सुरू करावा, असे मनात आहे. एका विक्रेत्याने तीन खडे आठ दिवस पाहण्यासाठी दिले आहेत. पहिला झगझगीत केशरी असून त्यात पांढरेशुभ्र पट्टे आहेत. दुसरा मधाच्या रंगाकडे झुकणारा, काहीसा मळकट नारिंगी असून त्याच्या कडेजवळ एक बारीक रेघ दिसते. तिसऱ्यात पट्टे नाहीत, पण उजेडासमोर धरला की तो निखाऱ्यासारखा पेटतो. तिन्ही खडे नैसर्गिक आहेत, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. यांतला खरा कोणता आणि मी कोणता घ्यावा?
— एक वाचक

उत्तर : तीन खडे आठ दिवस हाताशी मिळाले, ही मोठीच सोय म्हणायची. बहुतेकांना घेण्यापूर्वी फक्त दर्शनी बाजूचा फोटो मिळतो आणि कॅबोशॉनची दर्शनी बाजू घोटून घोटून अशी केलेली असते, की तिथे दगडाचे दोष सहज नजरेला पडत नाहीत. म्हणून आजच संध्याकाळी तिन्ही खडे एका पांढऱ्या कागदावर पालथे ठेवा. पाठीमागची बाजू कारागीर बहुधा पूर्ण घोटत नाही, कारण ती कोंदणात झाकली जाणार असते. त्यामुळे दगडाची खरी घडण, चिरांत उतरलेला रंग, भोकात भरलेले रेझिन किंवा दोन थर चिकटवल्याची रेघ तिथेच उघडी पडते. पाठीमागे रंग चिरेच्या दोन्ही बाजूंना गडद होऊन मधल्या भागात फिका पडलेला असेल, तर तो बाहेरून आत शिरलेला रंग आहे. पाठीला काळा किंवा वेगळ्याच पोताचा थर दिसला, तर खडा पातळ असून त्याला आधार चिकटवला आहे. असा जोड वाईटच असतो असे नाही, पण तो सांगितला गेला पाहिजे.

आता विक्रेत्याच्या शब्दाबद्दल. ‘नैसर्गिक’ हे विशेषण नेमके कशाला लावले आहे, हे त्याने सांगितलेले नाही आणि आपणही विचारलेले दिसत नाही. दगड जमिनीतून निघाला आहे, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. दगडाचा रंगही जमिनीतलाच आहे, असाही असू शकतो. किंवा दगडात काही भरलेले, चिकटवलेले नाही, असाही असू शकतो. रंगवलेला अकीक विकणारा माणूस पहिल्या अर्थाने त्याला नैसर्गिक म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो, आणि गिऱ्हाईक मात्र दुसऱ्या अर्थाने समजून घरी जाते. तेव्हा तीन वेगळे प्रश्न विचारा आणि उत्तरे बिलावर लिहून मागा: दगड काय आहे, रंगावर कोणती प्रक्रिया केली आहे आणि खडा एकसंध आहे का. लेखी उत्तर देताना माणसाची भाषा लगेच नेमकी होते, असा माझा अनुभव आहे.

पहिल्याच प्रश्नात आपला तिसरा खडा वेगळा पडेल. अकीक म्हणजे पट्टेदार किंवा नक्षीदार कॅल्सेडनी, आणि कॅल्सेडनी म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांनी बनलेला क्वार्ट्झ. हीच कॅल्सेडनी पट्ट्यांविना, सलग नारिंगी-तांबडी आणि पारभासी असेल, तर तिला कार्नेलियन म्हणतात. काठिण्य, घनता, टिकाऊपणा यांत दोघांत फरक नाही, त्यामुळे पेंडंटसाठी हा भेद फारसा महत्त्वाचा नाही. संग्रहाच्या चिठ्ठीवर मात्र योग्य नाव लिहावे. जाता जाता एक सांगते : अकीकाला कोणी गोमेद म्हटले तर गोंधळू नका. रत्नांच्या व्यवहारात गोमेद म्हणजे हेसोनाइट हा गार्नेट, आणि तो सर्वस्वी निराळा दगड आहे.

रंगाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. गडद निळा किंवा भडक गुलाबी अकीक पाहिला की तो रंगवलेला असणार, असे जवळजवळ डोळे मिटून म्हणता येते. नारिंगीबाबत तसे म्हणता येत नाही, कारण निसर्ग, भट्टी आणि रंगारी हे तिघेही हा रंग बहुधा एकाच पदार्थातून काढतात, तो म्हणजे लोहाचे ऑक्साइड. लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत सिलिका थरांथरांनी साचत जाते आणि तिच्याबरोबर लोहाचे सूक्ष्म कण अडकतात. ते गोएथाइटच्या, म्हणजे पाणी धरून असलेल्या लोह ऑक्साइडच्या, रूपात असले तर दगड पिवळट-तपकिरी दिसतो, हेमेटाइटच्या रूपात असले तर तांबूस, आणि कणांचे प्रमाण व आकार यांनुसार मध्ये नारिंगीच्या कितीतरी छटा मिळतात. गोएथाइटला सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्यातले पाणी निघून जाते आणि हेमेटाइट तयार होते, म्हणजे मळकट पिवळा दगड तांबूस होतो. गुजरातमधील रतनपूरच्या खाणींतला दगड उन्हात ठेवून आणि मग मडक्यांत भाजून खंभातच्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या मणी घडवले. हडप्पा संस्कृतीचे कार्नेलियनचे मणी मेसोपोटेमियातील उर येथील थडग्यांत सापडले आहेत, आणि तापवून रंग खुलवण्याची युक्ती त्या कारागिरांनाही ठाऊक होती. तापवलेल्या खड्याचा रंग कायमचा असतो, आणि तो तापवलेला आहे की नाही हे बहुतेक वेळा प्रयोगशाळेतही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून एखादा विक्रेता ‘हा कधीच तापवलेला नाही’ असे छातीठोकपणे सांगत असेल आणि त्याने स्वतः तो खाणीतून उचललेला नसेल, तर त्या वाक्याला फार वजन देऊ नये. तापवण्याला माझी हरकत नाही.

रंगवण्याची गोष्ट वेगळी. जर्मनीतील इडार-ओबरश्टाइन या गावात अकीकाचे काम जुने आहे. १८३४ च्या सुमारास दक्षिण ब्राझीलमधला अकीक तिथे पोहोचू लागला. त्यातला बराचसा करडा, फिकट होता, पण त्याचे सच्छिद्र पट्टे द्रावण उत्तम शोषून घेत. दगड लोहाच्या क्षाराच्या द्रावणात दीर्घकाळ भिजवून नंतर तापवला की छिद्रांत लोहाचे ऑक्साइड तयार होते आणि करडा दगड नारिंगी-तांबडा होतो. हा रंग टिकाऊ असतो. त्याशिवाय सेंद्रिय, म्हणजे कार्बनयुक्त रसायनांच्या, रंगांत बुडवलेले दगडही मिळतात. ते सुरुवातीला सर्वांत झगझगीत दिसतात आणि पुढे उन्हात फिकट होत जातात.

आपल्या पहिल्या खड्यावर माझा संशय आहे तो यामुळे. अकीकातले सगळे पट्टे सारखे सच्छिद्र नसतात. घट्ट वीण असलेला पट्टा द्रावण आत घेत नाही आणि पांढराच राहतो, शेजारचा सैल पट्टा मात्र भरपूर पितो. त्यामुळे रंगवलेल्या खड्यात भडक केशरी आणि स्वच्छ पांढरा असा काटेकोर विरोध दिसतो. निसर्गातही पांढरे-नारिंगी पट्टे असतात, पण तिथे एकाच खड्यात बहुधा तपकिरी, जर्दाळूच्या रंगाची, धुरकट, जवळजवळ रंगहीन अशा तीन-चार छटा एकमेकींत मिसळताना दिसतात. एकच एक केशरी छटा सर्व रंगीत पट्ट्यांत मोजून मापून भरल्यासारखी असली, तर मी तो खडा रंगवलेला धरून चालते. पट्टे नसलेल्या कार्नेलियनसाठीही जुनी खूण आहे : उजेडासमोर धरल्यावर नैसर्गिक रंग ढगांसारखा कमी-जास्त विखुरलेला दिसतो, तर रंगवलेल्या अकीकात उजेडात लपलेले पट्टे उमटतात. तिसरा खडा टॉर्चच्या उजेडात सावकाश फिरवून एवढे पाहा. दहापट भिंगातून कधी कधी त्यात तांबडे बारीक ठिपकेही दिसतात. दिसले तर चांगली खूण, न दिसले तर त्यावरून काही ठरत नाही.

कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन खड्याची पाठ घासण्याची परीक्षा आपण ऐकली असेल. खडे अजून आपले झालेले नाहीत, तेव्हा विक्रेत्याची परवानगी घेतल्याशिवाय ती करू नका. बोळा नारिंगी झाला तर रंग सेंद्रिय आणि कच्चा, हे सिद्ध झाले. बोळा पांढराच राहिला तर मात्र रंग नैसर्गिक आहे हे सिद्ध होत नाही, कारण लोहाच्या क्षाराने दिलेला रंग ॲसिटोनला दाद देत नाही. या परीक्षेचा निकाल एकाच बाजूने वाचायचा असतो, आणि नेमके हेच पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

काचेची भीती असेल तर तीही दूर करू. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर कोरे पांढरे पान उघडा, पोलराइझ्ड गॉगलची काच त्यासमोर धरा आणि पडदा काळा दिसेपर्यंत ती फिरवा. आता खडा पडदा आणि गॉगल यांच्यामध्ये धरून सावकाश वळवा. अकीक असंख्य सूक्ष्म स्फटिकांचा असल्यामुळे कोणत्याही कोनात उजळच राहील. काच बहुतांशी काळी दिसेल, फार तर तिच्यात ताणाच्या सावल्या सरकताना दिसतील. अर्थात खडा पारभासी असला तरच ही परीक्षा चालते. त्याखेरीज भिंगातून गोल बुडबुडे दिसले, किंवा पट्टे मध्येच संपले, एकमेकांना छेदून गेले, तर तो अकीक नाही. अकीकाचे पट्टे पोकळीच्या भिंतीला धरून एकामागून एक साचलेले असतात, त्यामुळे एक वळला की शेजारचेही त्याच्याबरोबर वळतात. कडेला कुठे टवका उडालेला असेल, तर तिथेही पाहा: अकीकाचा तुटका भाग मेणासारखा मंद दिसतो, काचेचा लखलखीत.

घनता मोजणे घरीही जमते. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर आधी कोरडा खडा तोला, समजा ३.९० ग्रॅम भरला. मग पाण्याची वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि बारीक दोऱ्याने खडा तळाला न टेकता पूर्ण बुडेल असा धरा. चिकटलेले बुडबुडे ब्रशने काढून टाका. आकडा १.५० दिसला, तर ३.९० ला १.५० ने भागून २.६० ही घनता मिळते, आणि अकीकाची घनता साधारण २.५८ ते २.६४ या दरम्यानच असते. रेझिनचा खडा यात तत्काळ उघडा पडतो, नारिंगी कॅल्साइटही २.७१ च्या आसपास वेगळा दिसतो. काचेची घनता मात्र प्रकारानुसार अकीकाजवळ येऊ शकते, म्हणून ही परीक्षा पडद्याच्या परीक्षेच्या जोडीने करावी.

आता दुसऱ्या खड्याच्या रेघेकडे वळते, कारण माझा कल या खड्याकडे आहे आणि त्याचे भवितव्य त्या रेघेवरच अवलंबून आहे. खडा दोन मिनिटे साध्या पाण्यात ठेवा, काढून कोरड्या सुती कापडाने पुसा आणि तिरक्या उजेडात लगेच पाहा. उघडी चीर पाणी धरून ठेवते, त्यामुळे पृष्ठभाग सुकला तरी रेघ काही क्षण ओली, गडद दिसत राहते आणि मग टोकाकडून मिटत येते. भरून आलेली चीर, म्हणजे दगड जमिनीत असतानाच तडकून पुन्हा सिलिकाने सांधलेली, पाण्याने बदलत नाही. त्यानंतर नखाचे टोक रेघेवरून आडवे फिरवा. नख अडखळले तर रेघ वरपर्यंत आलेली आहे. शेवटी खडा उलटा करून तीच रेघ पाठीमागे निघते का पाहा. दोन्ही बाजूंना दिसणारी उघडी चीर कडेजवळ असणे हे सर्वांत वाईट, कारण कोंदणाची भिंत खड्यावर दाबून बसवताना सगळा जोर कडेवरच येतो. सांधलेली रेघ मात्र मला दोष वाटत नाही. संग्रहात तर तो त्या दगडाच्या आयुष्यातला एक वाचता येणारा प्रसंग असतो.

घडणीबद्दल थोडेच सांगते. खिडकीकडे पाठ करून न बसता खिडकीसमोर बसा आणि चौकटीची सरळ रेघ खड्याच्या घुमटावर पडू द्या. खडा हळूहळू वळवला की ती प्रतिबिंबित रेघ सलग वाकत सरकली पाहिजे. ती मध्येच थरथरली, तुटली किंवा रुंदावली, तर तिथे घुमट चपटा राहिला आहे किंवा जाड सहाणेचे ओरखडे पुरते निघालेले नाहीत. काही खड्यांत मऊ पट्टे कठीण पट्ट्यांपेक्षा किंचित खाली बसलेले असतात, त्यामुळे झिलई चांगली असूनही पृष्ठभाग नारिंगाच्या सालीसारखा दिसतो. कोंदणात बसवायच्या खड्याची कड खालून वर किंचित आत झुकलेली हवी, तळ सपाट हवा आणि तळाच्या धारेला अगदी बारीक उतार दिलेला हवा, नाहीतर ती धार कोंदणात बसवताना टवकते. ओव्हल खडे २५ × १८ किंवा १८ × १३ मिलिमीटर अशा ठरावीक मापांत मिळतात आणि त्यांना तयार कोंदण सापडते. मोकळ्या आकाराच्या खड्यासाठी ते मुद्दाम घडवावे लागते.

पेंडंटला आघात कमी बसतात, त्यामुळे उंच घुमट चालतो. अंगठीसाठी विचारले असते तर मी बसका घुमट आणि सर्व बाजूंनी बंद कोंदणच सुचवले असते. अकीकाचे काठिण्य मोहस् मापावर ६.५ ते ७ आहे. धुळीतही क्वार्ट्झचे कण असतातच, त्यामुळे रोज वापरातल्या अंगठीची झिलई काही वर्षांनी मंदावते. आपला तिसरा खडा उजेड आरपार गेल्यावरच खुलतो. बंद पाठीच्या कोंदणात तो निखारा विझेल आणि वीट उरेल. त्याला पाठ उघडी ठेवावी. कोंदणाची तयारी म्हणून खडा आधी पांढऱ्या, मग काळ्या कागदावर आणि मग अंगातल्या कपड्यावर ठेवून पाहा. पारभासी दगड मागच्या रंगाचा गुलाम असतो.

खडा नेहमी सर्व डाख लावून झाल्यावर शेवटी बसवला गेला पाहिजे. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. माझ्या एका अंगठीचे माप वाढवायला दिले तेव्हा आत अकीक आहे आणि तो आधी काढायचा आहे, हे सांगायचे माझ्याकडून राहून गेले. ज्योत लागली आणि खडा परत आला तेव्हा त्याच्या पोटात पांढुरक्या चिरांचे जाळे पसरलेले होते. कारागिराला दोष देण्यासारखे त्यात काही नव्हते. पुढे स्वच्छ करताना कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढेच वापरा. रंगवलेल्या किंवा रेझिन भरलेल्या खड्याला अल्ट्रासॉनिक यंत्रात टाकू नका.

संग्रहाचे निकष दागिन्याच्या निकषांहून निराळे असतात आणि इथे बहुतेक नवे संग्राहक फसतात ते सौंदर्यावर भाळून. दागिन्यात खडा कसा दिसतो हे पुरते. संग्रहात तो कुठून आला, कसा घडला आणि इतरांहून कशात वेगळा आहे हेही हवे. मेक्सिकोच्या चिवावा राज्यातला लगुना अकीक घट्ट विणीच्या तांबड्या-नारिंगी पट्ट्यांसाठी ओळखला जातो. उत्तर अमेरिकेतल्या लेक सुपीरियर परिसरातला अकीक लोहामुळे तांबूस असतो आणि १९६९ मध्ये मिनेसोटाने त्याला आपले राज्यरत्न केले. ही नावे आकर्षक असली तरी केवळ दिसण्यावरून उगमस्थान ठामपणे सिद्ध होत नाही. म्हणून चिठ्ठीवर ‘विक्रेत्याच्या सांगण्यानुसार’ असे प्रामाणिकपणे लिहावे. ‘फायर अकीक’ नावाचा आणखी एक प्रकार नारिंगी अकीकाच्या शोधात हटकून समोर येतो. तो तपकिरी दगड असून त्यातल्या लोह ऑक्साइडच्या पातळ थरांवरून प्रकाश परावर्तित होताना हिरव्या-तांबड्या झळा उमटतात. ते थर सपाट नसतात आणि कारागिराला त्यांच्या उंचसखलपणामागूनच जावे लागते, त्यामुळे त्याचे खडे बहुधा वेड्यावाकड्या आकाराचे असतात आणि तो दोष मानू नये.

तर आपले तीन खडे. पहिला मी घेणार नाही. दिसायला तो आवडलाच असेल आणि विक्रेता ‘रंगवलेला’ असे बिलावर लिहून देत असेल, तर दागिना म्हणून घ्यायला हरकत नाही, पण संग्रहात तो नको. तिसरा उजेडातल्या आणि पडद्याच्या परीक्षेत उतरला, तर पेंडंट त्याचेच करा आणि त्याला कार्नेलियन म्हणा. दुसरा खडा मळकट वाटतो म्हणून बाजूला सारू नका. त्याची रेघ पाण्याच्या परीक्षेत कोरडी राहिली आणि पाठीमागे पट्टे अखंड दिसले, तर संग्रहातला पहिला खडा म्हणून तो ठेवा. रेघ ओली राहिली तर कोणताही संकोच न करता परत करा. आठ दिवसांतले पहिले दोन दिवस मात्र तिन्ही खडे फक्त दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ पाहण्यात घालवा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली कुठलाही नारिंगी दगड सुंदरच दिसतो.